एसएमपीएस बदलावा की ग्राफिक्स कार्ड?

वाचकाचे पत्र : शिवाजी पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर मी लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. माझा असेंबल्ड कॉम्प्युटर रायझन ५ ५६०० प्रोसेसरचा आहे आणि त्यात कॅबिनेटसोबत आलेला ‘५०० वॉट’चा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आहे. लग्नसराईच्या तोंडावर मी आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड बसवले. एसएमपीएसला त्या कार्डाची केबल नव्हती म्हणून दुकानदाराने एक कन्व्हर्टर लावून दिला. तेव्हापासून व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की काही मिनिटांत कॉम्प्युटर पूर्ण बंद पडतो. दुकानदाराने एसएमपीएस बाहेर काढून, दोन वायर जोडून, मीटरवर बारा व्होल्ट येत असल्याचे दाखवले आणि दोष कार्डातच आहे असे सांगितले. मला तीन एसएमपीएस मिळू शकतात : दीड हजाराच्या आतला ‘६०० वॉट’चा, जवळपास तिप्पट किमतीचा नामांकित कंपनीचा ५५० वॉट ब्राँझ, आणि ओळखीतून मिळणारा वापरलेला ७५० वॉट गोल्ड, ज्याची एक केबल दुसऱ्या कंपनीची आहे. सर्व लेबलांचे फोटो सोबत जोडले आहेत. एसएमपीएसची पारख माझ्यासारख्याने कशी करावी? शिवाय कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का? यूपीएस ६०० व्हीएचा आहे.

उत्तर :

दुकानदाराने काढलेला निष्कर्ष मला पटलेला नाही. कार्ड निर्दोष आहे असे इथे बसून छातीठोकपणे सांगता येणार नाही. मात्र ज्या चाचणीच्या आधारे त्यांनी एसएमपीएसला निर्दोष ठरवले, तिच्यातून तसे काही सिद्ध होत नाही, आणि तुम्ही पाठवलेल्या लेबलाच्या फोटोतच संशयाला भरपूर जागा आहे.

तुमच्या सध्याच्या एसएमपीएसवर ५०० हा आकडा ठळक छापलेला आहे. त्याच्या खालचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचा. बारा व्होल्टला १६ अँपिअर, पाच व्होल्टला २२, ३.३ व्होल्टला २०, स्टँडबायच्या (कॉम्प्युटर बंद असतानाही चालू राहणाऱ्या) पाच व्होल्टला २ आणि उणे बारा व्होल्टला ०.३ अँपिअर असे त्यात दिले आहे. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॉट मिळतात, आणि इथे ते अनुक्रमे १९२, ११०, ६६, १० आणि जेमतेम साडेतीन इतके येतात. सगळ्यांची बेरीज ३८२ च्या आत राहते. म्हणजे बनवणाऱ्याने स्वतः छापलेले आकडे जसेच्या तसे खरे मानले तरी ५०० वॉट कुठेच सापडत नाहीत. त्यातही पाच आणि ३.३ व्होल्टच्या बाजू एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरता येतात असे सहसा नसते, म्हणून नीट छापलेल्या लेबलावर त्या दोन्हींची मिळून एक वेगळी मर्यादा दिलेली असते. तुमच्या लेबलावर तो रकानाच नाही.

या सगळ्यांत तुमच्या कामाचा आकडा एकच आहे आणि तो म्हणजे बारा व्होल्टच्या बाजूचे १९२ वॉट. पूर्वीचे कॉम्प्युटर पाच व्होल्टच्या बाजूने बरीच वीज घेत असत. २००० साली पेंटियम ४ च्या सुमारास प्रोसेसरसाठी बारा व्होल्टची स्वतंत्र चार पिनांची जोडणी आली, आणि तेव्हापासून भार बारा व्होल्टकडे सरकत गेला. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही मोठी गिऱ्हाइके त्याच बाजूवर आहेत. स्वस्त एसएमपीएसच्या तक्त्यात मात्र पाच आणि ३.३ व्होल्टचे आकडे अजूनही ऐसपैस असतात आणि बारा व्होल्टचा आकडा चणचणीचा असतो, कारण आतली रचना जुनीच असते किंवा निदान छपाई तरी.

आता तुमची गरज पाहू. तुमचा प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणून विकला जातो, पण पूर्ण भारावर त्याला ७६ वॉटपर्यंत घेण्याची मुभा असते. कार्डाची कंपनीने दिलेली शक्ती १७० वॉट आहे. हे दोन मिळून २४६ झाले. मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क आणि पंखे यांचे चाळीस-पन्नास धरले तर ३०० वॉटच्या आसपास मागणी येते, आणि तिचा बहुतेक भाग बारा व्होल्टवर पडतो. पुरवठा १९२ आणि मागणी त्याच्या दीडपट. नुसते एडिटिंग चालू असताना प्रोसेसर आणि कार्ड आलटून पालटून काम करतात, त्यामुळे तोपर्यंत निभावून जाते. एक्सपोर्टला दोघे एकदम कामाला लागतात आणि नेमके तेव्हाच तुमचे यंत्र बसते. शिवाय आजची कार्डे काही मिलिसेकंदांपुरती छापील आकड्याच्या बरीच वर उसळी घेतात. कार्डाच्या कंपनीने या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवला आहे तो ही उसळी आणि बाकीचा कॉम्प्युटर धरून, तोही प्रामाणिक ५५० वॉट असतील असे गृहीत धरून.

पुढे जाण्याआधी एक काम आजच करा. तो कन्व्हर्टर काढा आणि नवा एसएमपीएस येईपर्यंत कार्ड वापरू नका. तुमच्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नाही, त्यामुळे मधल्या काळात एखादे जुने, वेगळी वीज न लागणारे कार्ड मागून आणावे लागेल, पण ती गैरसोय पत्करा. आठ पिनांच्या जोडणीतून कार्ड १५० वॉट, म्हणजे साडेबारा अँपिअर, मागू शकते. कन्व्हर्टर ही मागणी हार्डडिस्कसाठी काढलेल्या चार पिनांच्या दोन टोकांवर टाकतो, आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये ती दोन्ही टोके बहुधा एकाच वायरवर ओवलेली असतात. सबंध प्रवाह त्या एकाच पिवळ्या वायरीतून जातो. तुमच्या एसएमपीएसच्या वायरीच्या आवरणावर बारीक अक्षरांत काय छापले आहे ते भिंगातून पाहा : १८ एडब्ल्यूजी असेल तर वायर ठीक जाडीची आहे, २० किंवा २२ असेल तर बारीक आहे, कारण या मापात आकडा वाढला की वायर बारीक होत जाते. चार पिनांच्या टोकाचे पांढरे प्लॅस्टिक पिवळट किंवा मऊ झालेले दिसले, तर वितळण्याची सुरुवात झाली आहे असे समजा.

आता दुकानातल्या चाचणीविषयी. चोवीस पिनांच्या जोडणीतली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीला जोडली की एसएमपीएस मदरबोर्डाशिवाय चालू होतो. यातून तो मेलेला नाही एवढेच कळते. त्यावर भार काहीच नसतो, आणि उसाची ट्रॉली सोडून आलेला ट्रॅक्टर चढ चढला म्हणून भरल्या ट्रॉलीसह चढेल असे कोणी म्हणत नाही. दुसरी अडचण मीटरची आहे. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळा आकडा बदलतो आणि तोही सरासरी काढून दाखवतो. काही मिलिसेकंदांसाठी व्होल्टेज कोसळून पुन्हा सावरले तर त्याला पत्ता लागत नाही, आणि व्होल्टेजवर स्वार असलेली बारीक थरथर, जिला रिपल म्हणतात, ती तर डीसी मोजमापात दिसतच नाही. डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या एसएमपीएससाठी असलेल्या एटीएक्स मानकानुसार बारा व्होल्टवर रिपल १२० मिलिव्होल्टच्या आणि पाच व ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. ते मोजायला ऑसिलोस्कोप लागतो, आणि तो दुकानाच्या काउंटरवर नसतो याचा दोष मी कोणाला देणार नाही. दोष आहे तो भार न टाकता दिलेल्या निकालाचा.

मल्टिमीटरचा योग्य उपयोग तुम्हाला घरीही करता येईल, पण नवा एसएमपीएस बसवल्यावर. कॉम्प्युटर चालू ठेवून, चार पिनांच्या मोकळ्या टोकात मीटरची लाल काडी पिवळ्या वायरीच्या पिनवर आणि काळी काडी काळ्या वायरीच्या पिनवर धरा. काड्या एकमेकींना किंवा शेजारच्या पिनला लागू देऊ नका, नाहीतर तिथेच शॉर्ट होईल. आधी नुसता डेस्कटॉप उघडा असताना आकडा लिहून घ्या, मग मोठा एक्सपोर्ट लावून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. मानकानुसार बारा व्होल्टची बाजू ११.४० ते १२.६० आणि पाच व्होल्टची बाजू ४.७५ ते ५.२५ मध्ये राहायला हवी. चांगला एसएमपीएस ही पाच टक्क्यांची सूट वापरतच नाही, त्याचा आकडा भाराखाली एक-दोन टक्क्यांच्या आत हलतो. १२.१ वरून ११.५ वर घसरणारा मानकात बसत असला तरी मी तो घेणार नाही. हेच आकडे एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये पाहून समाधान मानू नका, कारण ते मदरबोर्डावरच्या सेन्सरचे असतात आणि कधी कधी भलतेच दाखवतात. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही कारणाने उघडायचा नाही : वायर भिंतीतून काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो.

बंद पडण्याची तऱ्हाही बरेच काही सांगते. पंख्यांसह सगळे एका क्षणात थांबत असेल, आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय पुन्हा सुरू होत नसेल, तर एसएमपीएसच्या अतिभार-संरक्षणाने हात वर केले असण्याचा संभव मोठा आहे. पंखे फिरत राहून फक्त स्क्रीन काळी होत असेल, किंवा चित्रावर रंगीत ठिपके आणि पट्टे येत असतील, तर संशय कार्डावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर जातो. ‘पूर्ण बंद पडतो’ असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून मी पहिली शक्यता धरली आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडेल. ती पाहून घाईने काही ठरवू नका, कारण यंत्र रीतसर बंद झाले नाही एवढेच ती सांगते, ते कशामुळे हे सांगत नाही.

तीन पर्यायांपैकी ‘६०० वॉट’चा सर्वांत आधी बाद करा. त्याच्या लेबलावर बारा व्होल्टला २४ अँपिअर, म्हणजे २८८ वॉट आहेत. तुमची मागणी ३०० च्या घरात आहे, म्हणजे नवा पैसा घालून तुम्ही पुन्हा जुन्याच जागी याल. त्याच्या मागे ११५ आणि २३० असे लिहिलेला लाल स्विचही फोटोत दिसतो. हा स्विच असणे म्हणजे जुन्या पद्धतीची रचना असणे, आणि तो चुकून ११५ वर राहिला तर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर पहिल्याच झटक्यात स्फोटासारखा आवाज होऊन प्रकरण संपते.

५५० वॉट ब्राँझच्या लेबलावर बारा व्होल्टला ४३ अँपिअर, म्हणजे ५१६ वॉट आहेत. डब्यावरच्या आकड्यातला फार मोठा भाग बारा व्होल्टवर मिळतो, आणि प्रामाणिक लेबलाची ही पहिली खूण मानायला हरकत नाही. कोणत्याही दुकानात उभे राहून, पेटी न उघडता, बारा व्होल्टचे अँपिअर गुणिले बारा एवढा हिशेब मोबाईलवर करता येतो. बारा व्होल्टच्या दोन वेगळ्या बाजू दाखवल्या असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नका, खाली छापलेली एकत्रित मर्यादा पाहा.

‘ब्राँझ’ या शब्दाचा अर्थ मात्र मर्यादित आहे. असे दर्जे देणारा ८० प्लस हा कार्यक्रम २००४ पासून चालू आहे आणि तो फक्त कार्यक्षमता मोजतो : ११५ व्होल्टच्या मूळ चाचणीत ब्राँझला वीस, पन्नास आणि शंभर टक्के भारावर अनुक्रमे ८२, ८५ आणि ८२ टक्के, तर गोल्डला ८७, ९० आणि ८७ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. तुमच्या ३०० वॉटच्या भाराला ८५ टक्क्यांचा एसएमपीएस भिंतीतून सुमारे ३५३ वॉट घेईल आणि ७० टक्क्यांचा ४२९ वॉट. मधले पाऊणशे वॉट तुमच्या माडीवर उष्णता म्हणून सांडतात आणि त्यांचे बिल महावितरणला भरावे लागते. पण रिपल किती, संरक्षणे वेळेवर काम करतात की नाही, कपॅसिटर किती वर्षे टिकतील, यांतले काहीही ८० प्लसच्या खुणेत येत नाही, आणि ती चाचणी सुमारे २३ अंश तापमानात होते. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या माडीवर, कॅबिनेटच्या आत, २३ अंश कुठून येणार? म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात पूर्ण शक्ती किती तापमानापर्यंत दिली जाईल ते शोधा. ४० किंवा ५० अंश असे स्पष्ट लिहिलेले असेल तर चांगले. कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत की ८५ अंशांचे हेही तिथेच सापडते, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. संरक्षणांच्या यादीत अतिप्रवाह, अतिभार, अतिव्होल्टेज, शॉर्टसर्किट आणि अतितापमान ही पाचही नावे हवीत. पाचवे बऱ्याच स्वस्त मॉडेलांत गाळलेले असते. त्या नेमक्या मॉडेलची ऑसिलोस्कोप लावून केलेली परीक्षणे इंटरनेटवर मिळत असतील तर ती जाहिरातीपेक्षा अधिक वजनाची माना. कंपनीचे नाव एक असले तरी तिची सगळी मॉडेले एका दर्जाची नसतात. लेबलावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो बीआयएस केअर या ॲपवर टाकून पाहता येतो.

वापरलेला ७५० वॉट गोल्ड कागदावर तिघांत सरस आहे आणि तरीही मी तो नको म्हणेन. कारण ती दुसऱ्या कंपनीची केबल. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलच्या, एसएमपीएसमध्ये केबलचे कॉम्प्युटरकडचे टोक मानकाप्रमाणे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाला असे कोणतेही सर्वमान्य मानक नाही. भोक तेच, खटका तोच, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट, असे घडू शकते. अशा केबलने ग्राहकांचे चित्रीकरण साठवलेली हार्डडिस्क एका क्षणात जळेल. विकणाऱ्याला त्याच मॉडेलच्या मूळ केबल मिळवून देता आल्या, बिल असले आणि वॉरंटी शिल्लक असली तरच त्याचा विचार करा. आपल्या कोल्हापुरात वापरलेला एसएमपीएस घेताना आणखी एक गोष्ट पाहावीच लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी शिरलेल्या घरांतले आणि दुकानांतले सामान पुसून, वाळवून बाजारात फिरते. पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारा : स्क्रूच्या डोक्यांवर तांबेरा, कोपऱ्यात बसलेला बारीक गाळ किंवा लेबलाच्या कडेला पाण्याची रेघ दिसली, तर किंमत कितीही उतरली तरी परत करा.

झिणझिण्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि तो एसएमपीएसच्या गुणवत्तेचा नाही. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी विद्युत गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून डब्याकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग जागेवर असेल तर त्यांतून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेले असेल किंवा मुळातच नसेल, तर कॅबिनेट मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजच्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगू लागते, आणि हाताला मुंग्या येतात. पेठांतल्या जुन्या वाड्यांत दोन वायरींचीच फिटिंग अजून पुष्कळ ठिकाणी आहे आणि तिला तीन पिनांचे सॉकेट फक्त दिसण्यापुरते लावलेले असते. नवा, कितीही महागडा एसएमपीएस आणला तरी या झिणझिण्या जाणार नाहीत. परवानाधारक वायरमन बोलावून त्या सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्या, आणि ते होईपर्यंत चालू कॉम्प्युटरला टीव्हीची केबल किंवा कॅमेरा जोडू नका, कारण याच तरंगत्या व्होल्टेजने पोर्ट जळतात. तोही खर्च एसएमपीएसच्या खर्चातच धरा.

यूपीएसही पुरणार नाही. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉट देतात; नव्या एसएमपीएसची भिंतीकडची मागणी ३५३ च्या घरात, वर मॉनिटर. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर चौकोनी लहर देतो, आणि चांगल्या एसएमपीएसमध्ये असलेल्या अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून घेतलेला प्रवाह व्होल्टेजशी जुळवून ठेवणाऱ्या) परिपथाचे तिच्याशी नेहमीच जमते असे नाही. लाईट गेली की यूपीएस चालू आणि कॉम्प्युटर बंद, असा अनुभव येतो. वीज तुटल्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरणे एसएमपीएसकडून अपेक्षित असते आणि यूपीएसला तेवढ्या वेळात बॅटरीवर यावे लागते, त्यामुळे १ केव्हीएचा, शक्यतो शुद्ध साइन लहरीचा यूपीएस पाहा. लगेच जमत नसेल तर निदान एक्सपोर्टच्या वेळी लाईट गेल्यास काम वाया जाऊ शकते हे धरून चाला.

५५० वॉटचा एसएमपीएस घेताना बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत वर सांगितलेली मोजणी करा. एक तासाचा एक्सपोर्ट बिनतक्रार पार पडला आणि बारा व्होल्टचा आकडा जागेवर राहिला, तर कार्डावरचा आरोप मागे घ्यायला हरकत नाही. आकडा जागेवर असूनही कॉम्प्युटर बंद पडला, तर कार्ड दुसऱ्या एखाद्या चांगल्या एसएमपीएसच्या कॉम्प्युटरमध्ये लावून पाहा, आणि तिथेही तसेच झाले तर त्याच्या वॉरंटीसाठी दुकानात जाताना दोन्ही ठिकाणच्या नोंदी सोबत न्या.